चंद्रपूरहून चिपळूणला आले आणि सुती कपड्यांनी हात टेकले

पळसफूल (१४ जून, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी मूळची चंद्रपूरची, बँकेत आहे, मे अखेरीस बदली होऊन चिपळूणला आले. जन्मभर सुती सोडून दुसरं काही अंगाला लावलं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला टेकतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता, डोक्या-तोंडाला दुपट्टा, आणि निघायच्या आधी तो दुपट्टा नळाखाली धरून पिळायचा, की पुढची दहा-पंधरा मिनिटं अंगावर कूलर बांधून फिरल्यासारखं वाटतं.

इथे आले तर पारा फक्त ३३. मनात म्हटलं हे तर काहीच नाही. आणि सकाळी साडेदहाला कुर्ता पाठीला असा चिकटला की सोलून काढावा लागेल. त्यात आता पाऊस सुरू झालाय. सोमवारी धुतलेला कुर्ता गुरुवारी हातात घेतला तरी काखेशी आणि शिवणीत ओला, आणि तो कुबट वास तर पुन्हा धुतला तरी जात नाही. ऑफिसातल्या ताई म्हणतात सिंथेटिक घे आणि मोकळी हो. मला पटत नाहीये. घामाला सुतीच चांगलं हे लहानपणापासून ऐकलं, ते इथेच खोटं का ठरतंय? तुम्ही काय घालता?

आंबेघाट

चिपळुणात स्वागत. पहिल्या पावसात सगळ्यांचं असंच होतं. कपड्यांचं नंतर बघू, आधी पंख्याखाली दोरी बांधून घ्या.

सूतगिरणी

मी इचलकरंजीचा, घरात तीन पिढ्या माग आहेत (गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, आमचे बरेच नंतर). तुमचा प्रश्न फार नेमका आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंग गार होतं ते घाम आल्याने नाही, घाम उडून गेल्याने. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर तो अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ठिबकून खाली पडला तर काहीच नाही. चंद्रपूरची मे महिन्यातली दुपारची हवा इतकी कोरडी असते की कापडातलं पाणी बघता बघता ओढून घेते, म्हणून ओला दुपट्टा गार लागतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या हेच काम करतात. चिपळूणची हवा पावसाळ्यात आधीच पाण्याने भरलेली. ती तुमच्या कुर्त्यातलं पाणी घेणार कुठे?

आता सूत. १०० ग्रॅम कोरडं सूत साध्या दमट हवेत नुसतं ठेवलं तरी आठेक ग्रॅम पाणी धरून बसतं. रेयॉन बारा-तेरा ग्रॅम, लोकर सोळाच्या आसपास आणि पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. सुतीचा जो गुण तुम्हाला चंद्रपुरात तारतो तोच इथे नडतो, कारण ते पाणी पितं पण सोडत नाही. सुती खोटं नाही ठरलं, हवा बदलली.

पण माझं खरं म्हणणं असं की लोक धागा कसला ते विचारतात आणि वीण बघत नाहीत. तुमचे कुर्ते बहुतेक पॉपलिनचे किंवा त्याहून जाड असणार. उन्हात ते बरोबरच आहे, घट्ट विणीतून ऊन आत येत नाही. इथे मलमल, फुल व्हॉईल किंवा पातळ केंब्रिक बघा. दुकानात सुताचा नंबर विचारा, नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. ६० च्या पुढचं मागा. आणि कापड उजेडाकडे धरून बघा, बारीक चाळणीसारखा उजेड दिसला पाहिजे. शिवताना सैल शिवा, बगलेत जास्त सैल. अस्तर अजिबात नको, अस्तर लावलं की मलमलचा उपयोग संपला.

माईंची_लेक

सूतगिरणी, छान समजावलंत. पण सिंथेटिकच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध. मी गुहागरची. दोन वर्षं हौसेने पॉलिस्टरचे कुर्ते वापरले, मानेवर आणि कमरेला घामोळं उठलं ते ऑक्टोबर संपेपर्यंत गेलं नाही. आणि वासाचं काय? सुतीचा कुबट वास गरम पाण्यात धुतला की जातो, पॉलिस्टरमधला घामाचा वास तेलासारखा धरून बसतो, इस्त्री फिरवली की पुन्हा वर येतो.

माझी आई आणि आजी आयुष्यभर सुती लुगड्यात लावणीला उभ्या राहिल्या, डोक्यावर इरलं. त्यांना कुठे होतं सिंथेटिक?

डोंगरवेडा

@माईंची_लेक, मान्य, पण लावणीला माणूस सतत हलत असतो, त्यामुळे अंगात ऊब असते. आमचा एक मित्र जुलैत हरिश्चंद्रगडावर जीन्स आणि जाड सुती टीशर्ट घालून आला. चढताना मस्त होता, गाणी म्हणत होता. वर पोहोचलो, वारा सुटला, जेवायला बसलो आणि वीस मिनिटांत त्याचे दात वाजायला लागले, ओठ निळे, बोलताना जीभ जड. थंडी म्हणावी अशी थंडीही नव्हती. गुहेत नेऊन सगळे ओले कपडे काढायला लावले, माझा कोरडा फ्लीस (सिंथेटिक धाग्याचं उबदार जॅकेट) घातला, दोघांच्या मध्ये बसवून गरम चहा पाजला तेव्हा तासाभराने माणसात आला. भिजलेली जीन्स पिळली तर तांब्याभर पाणी निघालं असतं. तेव्हापासून आमच्या ग्रुपचा नियम आहे, पावसाळी ट्रेकला जीन्स दिसली की त्याला पायथ्यालाच थांबवायचं, मग तो कितीही रुसो.

ऑफिससाठी मी काही सांगत नाही, पण घाटमाथ्यावरच्या पावसात अंगाला लागून सुती नकोच.

मेंढरं_माळरान

डोंगरवेडा, त्याच डोंगरात मेंढक्या चार महिने पावसात उभा असतो आणि त्याच्याकडे फ्लीस नसतो. त्याच्याकडे घोंगडी असते.

दख्खनी मेंढीची लोकर, बहुतेक काळी, आखूड आणि राठ. सणगर लोक खड्ड्याच्या मागावर विणतात आणि ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात. आमच्याकडे अजून पट्टणकोडोलीच्या यात्रेतून घोंगडी येते. तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की पाऊस वरच्या वर ओघळतो. बराच वेळाने भिजते, पण भिजली तरी आतून ऊब देते. लोकरीच्या तंतूच्या आत ओल मुरते तेव्हा थोडी उष्णता बाहेर पडते, आणि तंतू कुरळे असल्यामुळे मधली हवा तशीच राहते. सुती भिजलं की लोळागोळा होऊन अंगाला चिकटतं, हवा जाते, ऊब जाते. सगळा फरक तिथे आहे.

टोचते, हे खरं. पण माझ्या आजोबांना घोंगडीशिवाय झोप येत नसे, मे महिन्यातसुद्धा अंथरायला तीच.

आंबेघाट

म्हणजे पळसफूलताईंनी काउंटरवर घोंगडीची खोळ घेऊन बसायचं. आणि हा प्रश्न सुटला नाही तर धाग्याचंच भिजत घोंगडं होणार.

पळसफूल

हसू नका, आमच्या शाखेत एसी इतका गार असतो की मला खरंच घोंगडी लागेल! बाहेर घामाने ओली होऊन येते आणि तो ओला कुर्ता घालून एसीखाली बसते, दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं. डोंगरवेडा यांच्या मित्रासारखंच झालं की हे, गड तेवढा चढले नाही.

सूतगिरणी, कपाटातले सगळे कुर्ते उजेडाकडे धरून बघितले. अकरापैकी नऊतून काहीही दिसलं नाही.

वाळूचे_कण

दुबईत सतरा वर्षं काढली, इथल्या उन्हाळ्यात तुमची चंद्रपूर आणि चिपळूण दोन्ही एकत्र येतात. ऑगस्टमध्ये दुपारी ४२-४३ आणि रात्री समुद्रावरून अशी ओल येते की एसी गाडीतून उतरलं की चष्म्यावर धुकं. मला तारलं ते लिनन. कडक असल्यामुळे अंगापासून जरा लांब उभं राहतं, चिकटत नाही, पाणी पितं आणि सुतीपेक्षा लवकर सोडतं. चुरगळतं, त्याला इलाज नाही, मी इस्त्री करणंच सोडलं.

आणि रंगाचं एक सांगते. इथे बायका काळा अबाया (अंगभर सैल झगा) घालतात, मला आधी वाटायचं कसं सहन होतं. १९८० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात यावर शोधनिबंध आला होता, इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात माणसाला काळा आणि पांढरा झगा घालून उन्हात उभं केलं आणि अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता मोजली. दोन्हीत सारखीच निघाली. काळं कापड जास्त तापतं, पण झगा सैल असल्यामुळे ती उष्णता त्वचेपर्यंत यायच्या आतच वाऱ्याबरोबर निघून जाते. म्हणजे सूतगिरणी म्हणतात ते सैल शिवण्याचं किती खरं आहे बघा. घट्ट काळा टीशर्ट मात्र भाजून काढतो, ते वेगळं.

वऱ्हाडी_ठेचा

हे आमच्या आजोबाले कोणी शिकवलं नव्हतं बाप्पा. धोतर, सैल बंडी आणि डोक्याले बागायतदार रुमाल, तीन-चार पदरी. भर उन्हात तिफन हाकलत. आताचे पोरं घट्ट टीशर्ट घालून शेतात जाते अन् दोन घंट्यात घरी येऊन पंख्याखाली पडते. रुमालाचे पदर का, तर मधात हवा राहते अन् ऊन टाळूपर्यंत पोचत नाही. पातळ पांढऱ्या कापडातून ऊन आत शिरते, त्यानं कातडी जळते. म्हणून चंद्रपुरात तुमची पॉपलिनच बरी, मलमल इकडे नका आणू परत.

सूतगिरणी

+१००. पातळ पांढरा सुती टीशर्ट ऊन फारसं अडवत नाही, आणि ओला झाला की आणखी कमी अडवतो. उन्हाचे कपडे आणि घामाचे कपडे हे दोन वेगळे हिशेब आहेत.

आणि वाळूचे कण, लिनन म्हणजे आपलं जवसच बरं का. ज्याची चटणी खातो त्याच झाडाच्या देठाचा धागा. धाग्यासाठी लावतात त्या जाती उंच वाढतात, आपल्याकडच्या तेलाच्या.

पळसफूल

काय सांगता! रोज भाकरीबरोबर जवसाची चटणी खाऊन मोठी झाले आणि हे आज कळतंय.

कुर्तीप्रेमी

लिनन म्हणून मी ऑनलाइन दोन शर्ट घेतले होते नवऱ्यासाठी, आतल्या पट्टीवर बारीक अक्षरात पॉलिस्टर निघालं. ओळखायचं कसं? आणि रेयॉनबद्दल कोणीच बोललं नाही, माझ्या सगळ्या कुर्त्या रेयॉनच्या आहेत, अंगाला इतक्या गार लागतात.

सूतगिरणी

जाळून बघायचं. शिवणीच्या आतून चार धागे काढा, चिमट्यात धरा, गॅसवर, खाली स्टीलची ताटली, अंगावर ओढणी नको. सुती, लिनन, रेयॉन कागदासारखे जळतात, वासही जळक्या कागदाचा, राख बोटाने चुरली जाते. लोकर आणि रेशीम जळक्या केसांचा वास देतात आणि ज्योत काढली की विझतात. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो. गरम असताना त्या मण्याला हात लावू नका, बोटाला चिकटतो.

रेयॉन आणि सुती जाळून वेगळे कळत नाहीत, कारण रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून म्हणजे त्याच सेल्युलोजपासून करतात. त्याला माझ्या वडिलांची युक्ती. एक धागा घ्या, मधे थुंकी लावून ओला करा आणि दोन्हीकडून ओढा. ओल्या जागी पटकन तुटला तर रेयॉन. सुती ओलं झालं की उलट मजबूत होतं. म्हणूनच रेयॉनची कुर्ती पिळायची नसते, आणि ती आटतेही फार.

बांबूचं कापड म्हणून जे महाग विकतात तेही बहुतेक वेळा बांबूच्या लगद्याचं रेयॉनच असतं. कापड वाईट नाही, पण बांबूच्या नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

निवृत्त_मास्तर

चर्चा वाचून राहवेना. मी १९७४ साली राजापूर तालुक्यात शिक्षक म्हणून लागलो तेव्हा माझ्याकडे दोन सुती पायजमे आणि दोन सदरे. जून ते सप्टेंबर ओले कपडे घालूनच वर्गात उभा राहायचो. पहिल्या दिवाळीला टेरिकॉटची (पॉलिस्टर आणि सूत मिसळलेल्या कापडाची) पँट आणि शर्ट शिवला. रात्री धुवायचा, सकाळी वाळलेला, इस्त्री नको. त्या एका जोडीवर मी चार पावसाळे काढले हे खोटं वाटेल पण खरं आहे. शुद्ध टेरिलीन, म्हणजे नुसतं पॉलिस्टर, मात्र अंगाला कढत लागायचं, ते कधी घेतलं नाही. टेरिकॉटमध्ये तिसरा भाग सूत असतं, त्यामुळे चालतं. शाळेचे गणवेश उगीच टेरिकॉटचे नसतात.

माईंची लेक यांनी रागावू नये, पण कोकणातल्या गरीब माणसाला कोरडा कपडा पहिल्यांदा टेरिकॉटनेच दिला.

माईंची_लेक

मास्तर, रागावत नाही, उलट तुमचं वाचून डोळ्यांसमोर आमचे गुरुजी आले.

काल आईला फोन करून विचारलं, तुम्ही पावसात लुगडी वाळवायचात कशी. ती म्हणाली, वाळवायची कसली, चुलीवर. चुलीच्या वर दांडी बांधलेली असायची, संध्याकाळी घरी आलं की ओलं लुगडं पिळून त्यावर, सकाळी धुराच्या वासाचं पण खडखडीत कोरडं. वलणी माजघरात आणि वलणीच्या खाली निखाऱ्याची घमेली. आणि सोवळं वाळलं नाही तर धाबळी होतीच, ती लोकरीची. मला हे आधी कधी सुचलंच नाही. सुती कपडा तेव्हा चालायचा कारण घरात दिवसरात्र विस्तव होता. आता घरात गॅस आहे, स्लॅब आहे, खिडक्यांना काचा आहेत. कपडा तोच राहिला आणि विस्तव गेला.

पॉलिस्टर अंगाला लावणार नाही ते नाहीच. पण टेरिकॉटच्या सलवारीला माझी हरकत नाही, वर सुती.

पळसफूल (२२ जून)

माईंची लेक, तुमचा हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला, ती बराच वेळ काही बोललीच नाही. तिच्या आईच्या लुगड्याची गोधडी आमच्याकडे अजून आहे.

मी काल एक प्रयोग केला. रात्री आठला चार कपडे एकत्र धुतले, मशीनमध्ये सारखेच पिळले आणि आंबेघाट म्हणाले तसे पंख्याखालच्या दोरीवर टाकले: नवीन मलमलचा कुर्ता, जुना पॉपलिनचा कुर्ता, टेरिकॉटची सलवार आणि शेजारणीची रेयॉनची कुर्ती. साडेअकराला सलवार वाळली. सकाळी सहाला मलमल वाळलेला होता, फक्त गळ्याची पट्टी थोडी गार. पॉपलिनच्या शिवणी ओल्या. रेयॉन तर संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा नेसता आली असती, म्हणजे कुर्तीच पण इतकी जड लोंबत होती!

आता पुढचा पेच. आईबाबा डिसेंबरात भावाकडे अमेरिकेत मिनियापोलिसला चाललेत. आई नऊवारी नाही पण रोज सुती सहावारी नेसते आणि ड्रेस घालणार नाही म्हणते. भाऊ म्हणतो जॅकेट घेऊन ठेवलंय, बाकी काही नको. खरंच पुरेल?

उणे_तीस

नाही पुरणार. मी तिथूनच लिहितेय, माझ्या सासूबाई दोन हिवाळे साडीत राहून गेल्या, त्यामुळे अनुभवाचं सांगते.

जानेवारीत उणे २५-३० बघायला मिळतं, आणि वारा असला तर उघडी त्वचा दहा-पंधरा मिनिटांत बधिर होते. एकच जाड जॅकेट कामाचं नाही, पदर पदर हवेत, वऱ्हाडी ठेचा यांच्या आजोबांच्या रुमालासारखे. अंगाला लागून सुती बनियन आणि सुती परकर बाहेर जाताना नको. बर्फातून चालताना जॅकेटच्या आत घाम येतोच, सुती तो धरून बसतं आणि थांबलं की गार पडतं. सगळ्यात आत मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, वर आणि खाली दोन्ही. त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस. सगळ्यात वर वारा अडवणारं. आणि कुठलाच पदर घट्ट नको, ऊब हवेची असते, कापड फक्त ती हवा धरून ठेवतं.

लोकर टोचेल अशी आईंना भीती असेल तर सांगा की टोचणं तंतूच्या जाडीवर असतं. मेरिनोचा तंतू २० मायक्रॉनच्या आतबाहेर असतो, तो त्वचेवर वाकतो. ३० च्या पुढचा वाकत नाही, टोचतो. म्हणून घोंगडी टोचते आणि हे टोचत नाही.

साडी राहू दे. परकराऐवजी थर्मल आणि त्यावर लोकरीच्या लेगिंग्ज, वरून साडी, घोट्यापर्यंत बूट. सासूबाई अशाच देवळात जायच्या. मोजे लोकरीचे, आणि बुटात बोटं हलली पाहिजेत, दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाले तर पाय जास्त गारठतात. कान झाकणारी टोपी इथे आल्यावरच घ्या.

आणि महत्त्वाचं. घरात हीटर असतो, २१-२२ अंश आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. तिथे आईंची सुती साडीच सगळ्यात उत्तम. सिंथेटिक घालून गालिच्यावर चाललं की दाराच्या मुठीला हात लावताना चटका बसतो. सुती धुतलेलं रात्रीत वाळतं. एका अर्थी घरात चंद्रपूर आहे, फक्त गार.

वऱ्हाडी_ठेचा

घरात चंद्रपूर! आता काकूंले करमते तिकडे.

मेंढरं_माळरान

ताई, ती आजीच्या लुगड्याची गोधडी आईंना बरोबर न्यायला सांगा. जुनं सुती मऊ पडलेलं असतं, सहा-सात थर, त्यात हवा. घरात अंगावर घ्यायला त्याहून चांगलं काही नाही.

पळसफूल

सांगितलं. आई म्हणाली, सामानाचं वजन जास्त झालं तर जॅकेट काढीन, गोधडी नाही.

मी चार मीटर मलमल आणि दोन टेरिकॉटच्या सलवारींचं कापड घेऊन आले. शिंप्याने अस्तर लावू का विचारलं, नको म्हटलं. एसीसाठी एक पातळ लोकरीची शाल ड्रॉवरमध्ये ठेवलीय. पॉपलिनचे नऊ कुर्ते धुऊन, दोनदा इस्त्री करून पेटीत भरलेत, बदली परत होईल तेव्हा काढीन.

आंबेघाट (२३ जून, सकाळी १०:०५)

चिपळूणकर, ऊन पडलंय. दोन तास तरी टिकेल. धागा बंद करा आणि कपडे बाहेर काढा.